‘आता तू जग’ म्हणून गेलेली आत्या

पत्राचा गोषवारा : इचलकरंजीहून एका भगिनींनी सात पानी पत्र लिहिले आहे. त्यांचे वय ४३; एका पतसंस्थेत त्या हिशेबनीस आहेत; घरी पती आणि दोन मुले आहेत. गेल्या माघात त्यांची आत्या वयाच्या ७९ व्या वर्षी गेली. आत्याला २७ व्या वर्षी वैधव्य आले, मूलबाळ नव्हते, आणि पुढची ३१ वर्षे तिने दापोली तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमधून मुलांना शिकवले. ३१ व्या वर्षी ती सायकल शिकली, ५२ व्या वर्षी शेजाऱ्यांच्या विहिरीत पोहायला शिकली, निवृत्तीनंतर पेटी शिकली, ६४ व्या वर्षी आळंदीहून पंढरपूरपर्यंत पायी वारी केली आणि सत्तरी ओलांडल्यावर मोडी लिपी शिकली. या भगिनींच्या लहानपणीच्या सगळ्या मे महिन्याच्या सुट्ट्या तिच्याकडे गेल्या. शेवटच्या आजारात ट्रंकेची किल्ली त्यांच्या हातात ठेवून ती म्हणाली, “मी जगून घेतलं गं. आता तू जग.” ट्रंकेत तिच्या ४२ वर्षांच्या डायऱ्या आहेत. त्या अजून उघडलेल्या नाहीत. पेटीचा क्लास लावून दोन महिन्यांत सोडला, वारीसाठी रजा मिळाली नाही, आणि आता त्या विचारतात : “आत्याकडे होते ते रसायनच माझ्यात नाही का? तिच्यासारखे भरभरून जगण्याची प्रेरणा जन्मभर टिकवायची कशी?”

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. पहिल्यांदा आत्यासाठी वाचले, कारण अशा माणसांविषयी वाचताना आपल्यालाच हुशारी येते. दुसऱ्यांदा तुमच्यासाठी वाचले. तिसऱ्यांदा मात्र हातात पेन्सिल घेऊन बसले आणि तुम्ही अगदी जाता जाता लिहून गेलेल्या दोन-तीन गोष्टींखाली रेघा ओढल्या. माझे बहुतेक उत्तर त्या रेघांच्या वरच आहे, म्हणजे तुमच्याच अक्षरात आहे.

पहिली रेघ चौथ्या पानावर आहे. आत्याच्या स्वयंपाकघरात फळीवर, साखरेच्या डब्यामागे, बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असे. त्यावर कागदाची पट्टी चिकटवून तिने ‘माझे’ असे लिहिले होते, आणि पगार झाला की घरभाडे, वाण्याची उधारी आणि तुमच्या वडिलांना पाठवायची मनिऑर्डर यांच्याही आधी ती त्यात दहा रुपये टाकत असे. तुम्हा मुलांना त्याचे हसू येई, कारण घरात ती एकटीच राहत होती. मग ‘माझे’ असे लिहून ठेवायचे ते कुणाला कळावे म्हणून? मला वाटते, ते तिने स्वतःलाच कळावे म्हणून लिहिले होते. एकट्या, मिळवत्या बाईच्या पगारावर भावाचा, दिराचा, पुतण्यांच्या फीचा आणि प्रत्येक लग्नातल्या आहेराचा हक्क असतोच असे सर्वांनी धरून चालण्याचा तो काळ होता, आणि ती बाई या साऱ्यांना देत होती, मनापासून देत होती. पण देण्याच्या यादीत पहिले नाव तिने स्वतःचे घातले होते. खर्च भागून उरले तर बाजूला टाकू, आणि आधी बाजूला टाकून उरलेल्यात भागवू, या दोहोंतला फरक हिशेबनिसाला मी काय सांगावा! सायकल त्या डब्यातून आली. पेटी त्या डब्यातून आली. हे तुम्हीच लिहिले आहे, फक्त तुम्ही ते रसायनाच्या बाजूला मांडलेले नाही.

रसायन हा शब्द मी जपून वापरते. काही माणसांचा पिंड उत्साही असतो हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु एखाद्या नातलगाच्या आयुष्याकडे आपण त्याच्या मृत्यूनंतर पाहतो, तेव्हा आपल्याला फक्त पोहोचल्याची ठिकाणे दिसतात : सायकल, विहीर, पेटी, वारी, मोडी. या पाच ठिकाणांच्या मध्ये जी वर्षे गेली, ज्या संध्याकाळी तिने दिवा लावून नुसतेच भिंतीकडे पाहिले असेल, त्या तुमच्या यादीत नाहीत, कारण तुम्ही तिच्याकडे मे महिन्यात जात होता. मे महिन्यात घरात मुले होती, आंबे होते, शाळेला सुट्टी होती. त्याच घरातला श्रावण, पाऊस लागून राहिलेला आणि वीज गेलेली असतानाचा, तुम्ही कधी पाहिलेला नाही.

हे मी इतक्या खात्रीने लिहिते, याला कारण माझी मावशी आहे. ती कोल्हापुरात राहत असे. लग्नामुळे तिचे शिक्षण नववीत सुटले होते, आणि वयाच्या ४१ व्या वर्षी १७ नंबरचा फॉर्म भरून ती बाहेरून दहावीच्या परीक्षेला बसली. मी तेव्हा आठवीत होते. पहाटे चारला उठून, स्वयंपाकघराचे दार लोटून घेऊन, पाटावर वही ठेवून अभ्यास करणारी मावशी हे माझ्या लहानपणातले सर्वांत मोठे दृश्य आहे. ती जात्याच जिद्दी, जात्याच हुशार, असे आम्ही सारे म्हणत असू. मोठेपणी मी वर्षानुवर्षे पहाटे चारला उठण्याचा प्रयत्न केला, कारण मावशी उठत असे. मला ते कधीही जमले नाही. आणि गजर बंद करून पुन्हा झोपले की सकाळभर आपल्याला तिच्या नखाचीही सर नसल्यासारखे वाटत राही. ती गेल्यानंतर तिच्या सुनेने मला तिची त्या वर्षीची वही दिली. दुरेघी वही, पाठच्या बाजूला पाढे छापलेले. गणितांच्या मधल्या जागेत तिने रोज एक-दोन ओळी लिहिल्या होत्या. एका पानावर लिहिले होते : ‘आज भूमिती. काही कळले नाही. उद्या पुन्हा.’ पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढे तेच. मी मोजले, लागोपाठ ११ दिवस तिने तेच वाक्य लिहिले होते, आणि सहाव्या दिवशी तर ‘उद्या पुन्हा’ खोडून परत लिहिले होते. बाराव्या दिवशी लिहिले होते : ‘आज प्रमेय सुटले. शेवग्याच्या शेंगांची आमटी केली.’

ती वही हाती आल्यानंतर मी पहाटे चारचा गजर लावणे सोडून दिले. मावशीची वेळ तिच्या घराची होती. दिवसभर माणसांनी भरलेल्या वाड्यात तिला दुसरी वेळ मिळतच नव्हती. मला तिच्याकडून घेता येण्यासारखे होते ते ‘उद्या पुन्हा’, आणि ते मला रात्री साडेनऊलाही घेता येते. गेली २२ वर्षे मी ते घेत आहे. खोडून परत लिहिलेले ते अक्षर मी पाहिले नसते, तर ते मला कधीच घेता आले नसते.

म्हणून तुमच्या ट्रंकेविषयी माझे म्हणणे स्पष्ट आहे. ती उघडा. तुम्ही लिहिता की दुसऱ्याच्या डायऱ्या वाचणे तुम्हाला चोरून ऐकण्यासारखे वाटते, आणि हा संकोच मला फार आवडला. पण आत्याने ‘आता तू जग’ हे वाक्य आणि किल्ली एकाच वेळी दिली, आणि आयुष्यभर मुलांना शिकवलेली ती बाई काय कुणाच्या हातात देत आहे हे न समजता देणारी नव्हती. तुम्ही वाक्य घेतले आणि किल्ली बाजूला ठेवली. नुसते वाक्य जड होणारच. ते आज्ञेसारखे वाटते, फेडायच्या कर्जासारखे वाटते, आणि रोज रात्री झोपताना ‘आजही जगले नाही’ असा शेरा मारायला लावते. किल्लीसकट घेतले तर तेच वाक्य बहुधा एवढेच सांगत असेल, की मी कशी जगले ते आत लिहिले आहे, बघून घे.

तुमच्या भावजयीने डायऱ्या रद्दीत द्याव्यात असे सुचवले, त्याबद्दल तिच्यावर रागावू नका. तिला दोन खोल्यांच्या घरात एक मोठी ट्रंक दिसते, आणि तिचे म्हणणे त्या जागेपुरते बरोबर आहे. पावसाळ्याआधी ट्रंक भिंतीपासून हातभर पुढे घ्या, खाली विटा ठेवा, आणि जी डायरी वाचाल तिची पाने मोबाइलवर टिपून ठेवा, म्हणजे कागद गेला तरी अक्षर राहील.

दापोली तालुक्याचे नाव वाचल्यापासून माझ्या मनात आणखी एक घर घोळत आहे, आणि त्याच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिण्याची परवानगी घेते, कारण नातलगाकडून प्रेरणा घेणे म्हणजे नेमके काय घेणे, हे मला त्या घराइतके स्पष्ट दुसरीकडे दिसलेले नाही. तालुक्यातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे आणि तिथून जवळच्याच मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे नात्याने भाऊ लागत. कर्वे १८५८ चे, परांजपे १८७६ चे, म्हणजे दोघांत १८ वर्षांचे अंतर. या धाकट्या भावाच्या शिक्षणाकडे थोरल्याने लक्ष दिले. दोघेही गणिताचे. धाकटे १८९९ मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर झाले, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय ठरले, आणि परत येऊन, थोरले जिथे गणित शिकवत होते त्याच फर्ग्युसन कॉलेजात रुजू झाले. थोरल्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ मध्ये स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. धाकट्यांनी आश्रम काढला नाही; ते कॉलेजचे प्राचार्य झाले, सार्वजनिक जीवनात वावरले आणि देव न मानणारे म्हणून आयुष्यभर निर्भयपणे बोलले.

आता या रँग्लरांच्या घरात एक मुलगी वाढली. ती ब्रह्मदेशात १९०५ साली जन्मली होती, तिथल्या इरावती नदीवरून तिचे नाव इरावती ठेवले होते, आणि शिक्षणासाठी तिला लहानपणीच पुण्यात हुजूरपागा या मुलींच्या शाळेत पाठवण्यात आले होते. रँग्लरांची मुलगी शकुंतला तिच्या बरोबरीची. शकुंतलेच्या आईने या मुलीला आपली दुसरी मुलगीच मानले. पुढे हीच मुलगी धोंडो केशव कर्वे यांची सून झाली. म्हणजे तुमच्या आत्याच्या तालुक्यातून निघालेल्या दोन मोठ्या माणसांचा प्रभाव इरावतीबाईंवर दोन्ही अंगांनी पडला, एक पालक म्हणून आणि एक सासरे म्हणून. तरीही पाहा : ज्या सासऱ्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ उभे केले, त्यांनाच सुनेने उच्च शिक्षणासाठी जर्मनीला जाणे पसंत नव्हते. ती गेली, आणि १९३० मध्ये बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आली. आणि देव न मानणाऱ्या माणसाच्या घरात वाढलेली हीच बाई पुढे मानवशास्त्राची अभ्यासक म्हणून पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांबरोबर पायी चालली, दिंडीतल्या बायांबरोबर राहिली, आणि त्यावर तिने जे लिहिले ते मराठीत अजून वाचले जाते. रँग्लरांची मते घेऊन ती घरी बसली असती, तर वारीकडे तिने दुरून, कपाळाला आठ्या घालून पाहिले असते. तिने त्यांची मते घेतली नाहीत. एखादी गोष्ट स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय तिच्याविषयी बोलायचे नाही, एवढा निर्भय कुतूहलाचा भाग घेतला, आणि तो घेऊन ती पालकांच्या मतांच्या पलीकडे गेली.

तुम्ही आत्याची पेटी घेतलीत. तिचा पत्र्याचा डबा घेतला नाहीत. पेटी दोन महिन्यांत सुटली याचे मला आश्चर्य वाटत नाही, कारण संपूर्ण पत्रात तुम्ही सुरांविषयी एकही वाक्य लिहिलेले नाही. क्लासविषयीच्या चार ओळींत फी आहे, जिना आहे आणि शिक्षकांच्या खोकल्याची तक्रार आहे. पेटी विकू नका, भाचरांपैकी कुणाला तरी ती हवी असेल, पण स्वतःला शिक्षाही करू नका.

याउलट, माझी दुसरी रेघ पाचव्या पानावर आहे आणि ती चांगली लांबलचक आहे. आठवड्याचा पगार झाला की मागांसाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका तुमच्या पतसंस्थेत पैसे भरायला येतात, आणि त्यांच्यापैकी ज्यांना वाचता येत नाही त्यांना तुम्ही खिडकी बंद झाल्यावर बाकावर बसवून पासबुकातली प्रत्येक ओळ वाचून दाखवता, व्याज कसे धरले ते बोटांच्या पेरांवर समजावता. तुमचे सहकारी यावर नाराज असतात म्हणून तुम्ही ते ‘उगाच वेळ काढण्याची खोड’ असे लिहिले आहे. एका बाईने ‘म्हंजे माझं पैसं झोपल्यालं न्हाईत, चालत्यात’ असे म्हटल्याचे तुम्ही लिहिले आहे, आणि त्या वाक्यानंतर तुमचे अक्षर मोठे झाले आहे. हे कदाचित तुमच्या लक्षात आले नसेल. पेटीला चार ओळी आणि या बायकांना तब्बल एक पान. ताई, आत्या शिक्षिका होती! ती तुमच्यात आली आहे ती इथे, त्या बाकावर. आणि तुम्ही तिला पेटीच्या भात्यात शोधत आहात.

यावर तुम्ही म्हणाल की ते तर मी करतेच आहे, मग मला कोरडे का वाटते? कारण तुम्ही ते चोरून करता. आत्याने आपल्या डब्यावर पट्टी लावली होती. तुमच्या या कामाला ना वेळ ठरलेली आहे, ना नाव. वरिष्ठांशी बोला आणि आठवड्यातला अर्धा तास रीतसर मागून घ्या. नाही मिळाला, तर एखाद्या कांडीवालीच्या घरी रविवारी दुपारी चार जणींना बोलवा. अक्षरओळख, पासबुक, पैसे काढायचा फॉर्म, अंगठ्याऐवजी सही, एवढाच अभ्यासक्रम पुष्कळ आहे. वर्षाभरात एकीने जरी स्वतःची सही केली, तरी तुम्हाला रसायनाचा प्रश्न पुन्हा पडणार नाही असे मला वाटते.

एक गोष्ट मात्र मला कळकळीने सांगायची आहे. आत्याच्या दिवसाशी तुमचा दिवस ताडून पाहू नका. ती संध्याकाळी साडेपाचला घरी येत असे आणि तिथून पुढचा वेळ तिचा होता. तुमचा साडेपाचनंतरचा वेळ सासूबाईंच्या गोळ्या, मुलाची शिकवणी आणि उद्याचे डबे यांच्यात वाटलेला आहे. तिच्या मोकळेपणाची किंमत तिने २७ व्या वर्षी मोजली होती, आणि ती किंमत कुणीही आपखुशीने मोजणार नाही. तुम्ही सहाव्या पानावर, कंसात, लिहिले आहे की ती रात्री रेडिओ चालू ठेवूनच झोपत असे. ती माझी तिसरी रेघ. भरभरून जगलेल्या माणसालाही घरात कुणाचा तरी आवाज लागत होता. हे आठवले की आत्या तुम्हाला उंच चौथऱ्यावरची वाटणार नाही आणि तिच्याजवळ बसता येईल.

वारीचेही तसेच. १८-२० दिवसांची रजा तुमच्या नोकरीत मिळणार नाही, आणि ती मिळेपर्यंत थांबलात तर गुडघे थांबणार नाहीत. माउलींची पालखी पुण्याचा मुक्काम हलवून दिवे घाटाने सासवडला जाते, तेवढा एकच टप्पा चालणारी नोकरदार माणसे दरवर्षी असतात. अंतर सुमारे ३० किलोमीटर आहे, घाटाची चढण आहे, पण पहाटे निघालात तर सोसवते. आत्याच्या दिंडीचा क्रमांक डायरीत मिळाला तर विचारून तिच्याच दिंडीत चाला. पुण्यापर्यंतचा प्रवास आणि दोन दिवसांची रजा, एवढे डब्यातून निघेल, अर्थात डबा असेल तर.

शेवटच्या पानावर तुम्ही लिहिले आहे की गेले कित्येक महिने रात्री दोनला जाग येते, पुन्हा डोळा लागत नाही, आणि जेवणावर वासना नाही. हे दुःख आहे आणि आत्यासारखे माणूस गेल्यावर ते व्हावे हे स्वाभाविकच आहे. परंतु इतके महिने झोप आणि भूक परतली नसेल, तर डॉक्टरांना दाखवा आणि ते पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथे विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. प्रेरणेचा विचार पोटभर जेवलेल्या आणि रात्रभर झोपलेल्या माणसाने करायचा असतो.

आता ट्रंकेकडे परत येते, कारण सुरुवात कुठून करावी हा प्रश्न तुम्हाला पडेल. वारीचे वर्ष आधी काढू नका. ते तुम्हाला तोंडपाठ आहे. तिच्या ३१ व्या वर्षाची डायरी काढा. नव्या शाळेवर बदली झाली होती, चार मैलांची वाट होती, आणि लाल मातीच्या रस्त्यावर नऊवारीचा काष्टा घालून एक विधवा बाई सायकल शिकत होती. गावाने तिला काय म्हटले असेल, ती किती वेळा पडली असेल, कुणी तिची सायकल मागून धरली असेल, यातले काहीही तुमच्या पत्रात नाही, म्हणजे ते तिने तुम्हाला कधीच सांगितले नाही. ते पान शोधा. रोज रात्री एकच पान वाचा, आणि मुलगी जागी असेल तर तिलाही वाचून दाखवा. सापडले, तर मला जरूर कळवा. मी वाट पाहते.